मागून घेतलेला बाक

"राष्ट्राध्यक्ष बाहेर बाकावर बसलेत. राजीनामा द्यायचाय म्हणतात," शिपायाने सांगितलं.

"बसू देत," उपराष्ट्राध्यक्ष मालिनीबाई म्हणाल्या. याच बाकावर, स्वतःच्या दालनाबाहेर, राष्ट्राध्यक्षांनी बाईंना वर्षानुवर्षं ताटकळत ठेवलं होतं. तिथे सोफे आले, तेव्हा बाईंनी तो बाक मुद्दाम मागून घेतला होता.

सभागृहात महाभियोगावर मतदान सुरू होतं. निकालाआधी राजीनामा बाईंच्या हाती पडला, की पेन्शन, बंगला सगळं शाबूत. बाईंनी दुसरा चहा मागवला आणि सावकाश प्यायला.

फोन वाजला. बडतर्फीचा ठराव दोन-तृतीयांश मतांनी मंजूर झाला होता. बाईंनी स्वतः दार उघडलं. ते धडपडत उठले आणि त्यांनी कागद पुढे केला.

"उठलात कशाला? बसा," बाई म्हणाल्या. "आता तुम्हाला कसली घाई?"