ट्रेची वेगळी ओळ

कस्टमचा शेरा वाचून धाकटीला हसूच आलं. आयात विभागात तिची चौदा वर्षं गेली होती, आणि आता कोणी नवखा अधिकारी तिला जकातीचे कोड शिकवायला निघाला होता. शेरा एवढाच होता: आयातीच्या अर्जातली प्लॅस्टिकच्या ट्रेची वेगळी ओळ काढून टाकावी, ट्रे मालातच धरावेत.

तिने बंदरावरच्या एजंटला फोन लावला. "अहो, दर महिन्याला आपण दोन ओळी भरतो. सेन्सर पिशव्यांत सुटे येतात, ती एक ओळ. ट्रे रिकामे येतात, म्हणजे नुसतं प्लॅस्टिकचं पॅकिंग, ती दुसरी. यात यांना खटकलं काय?"

"मॅडम, रिकामे आले तर दुसरी ओळ," एजंट म्हणाला. "त्यांनी खोके उघडून बघितलेत. सेन्सर ट्रेमध्ये बसवूनच आलेत. मालासकट आलेलं पॅकिंग मालाच्याच कोडमध्ये जातं, हे तुम्हीच शिकवलंय मला."

तिने मालाची यादी पुन्हा काढली. ट्रे बाराशे, नेहमीइतकेच. ट्रेच्या खोक्यांचं वजन मात्र दीडपट. सकाळी तिने ते पाहिलं होतं, आणि खोके जाड पुठ्ठ्याचे केले असतील असं म्हणून पुढे गेली होती. गेल्या महिन्याचा अर्ज उचलायचा, तारीख बदलायची, की झालं. सवय माणसाला अशी डोळे असून आंधळं करते.

मग तिच्या लक्षात आलं. ट्रेमध्ये सेन्सर बसवायचं काम तर इथे होतं, खालच्या मजल्यावर. लांबलचक टेबलं, भिंगाचे दिवे, चिमटे आणि बावीस बायका. तांदळाच्या दाण्याएवढा सेन्सर चिमट्याने उचलून खाचेत ठेवायचा, एका ट्रेत हजार. त्या बावीस जणींची मुख्य तिची सख्खी थोरली बहीण होती.

ती तडक विभागाच्या साहेबांकडे गेली. त्यांनी तिला आधी दार लावायला सांगितलं. "यापुढे सगळा माल भरूनच येणार आहे. खाली अजून कोणाला सांगितलेलं नाही, महिनाअखेरीस सांगू. तुमची बहीण आहे तिथे, ते माहीत आहे मला. पण हे तुमच्या तोंडून बाहेर गेलं तर मला तुमच्याही नोकरीचा विचार करावा लागेल." एवढं बोलून ते उगाच कागद चाळत बसले. माणूस वाईट नव्हता, नुसता भित्रा होता.

धाकटीने जागेवर येऊन दुसरी ओळ खोडली आणि अर्ज परत पाठवला. एका मिनिटात तो मंजूर होऊन आला. एरवी असा शेरा हटला की तिला बरं वाटायचं.

साडेबाराला ताई डबा घेऊन वर आली, रोजच्यासारखी. बसता बसता तिने फोन टेबलावर ठेवला.

"त्या दुसऱ्या कारखान्यात कामाला बोलावलंय ना, त्यांना आज एकपर्यंत कळवायचंय. नाही म्हणून सांगून टाकते बाई. दिवसभर उभ्याचं काम, आणि वर शिकाऊ म्हणून घेणार. या वयात परत पहिल्यापासून? हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागायला मी काय खुळी आहे?"

"थोडा विचार कर की अजून."

"आता कसला विचार? आपले ट्रे आले ना बंदरात?"

"आले."

"किती?"

"बाराशे."

"मग झालं तर," ताई म्हणाली आणि समाधानाने जेवायला लागली. "बाराशे ट्रे म्हणजे महिन्याची निश्चिंती."

धाकटी शिकली होती, खुर्चीवर बसून काम करत होती, ते ताईच्या चिमट्याच्या जोरावर. हे कोणी तिला कधी ऐकवलं नव्हतं, ताईने तर नाहीच. साहेबांचं दार आता उघडं होतं. ताईने बोटं पुसली, फोन हाताच्या अंतरावर धरून डोळे बारीक केले आणि नंबर शोधायला लागली. अलीकडे जवळचं तिला नीट दिसत नसे, आणि हे ती खाली कोणाला कळू देत नसे.

नंबर सापडला तसा धाकटीने तिचा हात धरला.

"ताई, नाही म्हणू नकोस. ट्रे भरून आलेत."

"भरून म्हणजे?"

"सेन्सर बसवून. तिकडूनच. आता दर खेपेला तसेच येणार."

ताईने डब्याला झाकण लावलं, परत काढलं. मग फोन लावला आणि म्हणाली, "हो, येते मी. सोमवारपासून. उभं राहायची सवय आहे मला." ते साफ खोटं होतं. धाकटीला रडू आवरेना. तिने तोंड फिरवलं, तर दारात साहेब उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं; ते तसेच मागे वळून आत गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

ताईने फोन ठेवला. ती आपल्या उजव्या हाताच्या, चिमटा धरायच्या दोन बोटांकडे बघत होती. मग तिने विचारलं,

"नीट बसवलेत का गं त्यांनी? एकही उलटा चालत नाही."