मोठ्या अक्षरातली यादी

“तुला कशाला प्रत? तुझीच तर यादी आहे,” आसावरी म्हणाली आणि कागदांचा गठ्ठा पुढच्या रांगेकडे सरकवला.

“मला नको गं, अम्मीला हवीय. मोठ्या अक्षरातली देणार होतीस ना?”

आसावरीचा हात जरासा अडखळला. मग तिने गठ्ठ्यातून दोन कागद काढून नसरीनच्या हातात दिले आणि लगबगीने चहाच्या टेबलाकडे गेली.

हॉलंडमधल्या झूटरमेरच्या मराठी मंडळाची सहल यंदा ऑक्टोबरच्या सुट्टीत मोरोक्कोतल्या टँजियरला जायची होती. रविवारी दुपारी बुर्टहाऊसच्या, म्हणजे वस्तीच्या समाजमंदिराच्या, छोट्या हॉलमध्ये बावीस माणसं जमली होती आणि चिवड्याच्या बश्या फिरत होत्या. टँजियर ही नसरीनचीच सूचना. ऑफिसातल्या हकीमा नावाच्या मोरोक्कन मैत्रिणीबरोबर ती दोनदा तिथे जाऊन आली होती. आता अम्मी दापोलीहून तीन महिन्यांसाठी आली होती. परक्या मुलखात, समुद्राच्या काठी उभं राहून अजान ऐकायची, एवढीच तिची इच्छा. तिला मराठीखेरीज काही धड बोलता येत नव्हतं, म्हणून नसरीनला ती मराठी बायकांच्या घोळक्यात हवी होती. त्यासाठी तिने अम्मीचा व्हिसा हॉलंडमध्ये दोनदा येता येईल असा काढला होता.

आसावरी सहलीची प्रमुख, आणि आठ वर्षांची मैत्रीण. नसरीनच्या ऑपरेशनच्या वेळी ती चार रात्री तिच्या सोफ्यावर झोपली होती. महिन्यापूर्वी तीच म्हणाली होती, “तुम्हा दोघींना काय काय सोयीचं पडेल ते लिहून दे. मी छान छापून घेते.” अम्मीलाही तिने फोनवर सांगून टाकलं, “अम्मी, मी तुमच्यासाठी खास यादी करतेय.” अम्मी इतकी खूश झाली की यादी आपणच लिहिणार आहोत हे नसरीनने तिला सांगितलंच नाही.

तीन संध्याकाळी बसून नसरीनने ती यादी लिहिली. दारू न ठेवणारं हॉटेल कुठलं. नमाजाआधी हातपाय धुवायला, वजूला, गरम पाणी कुठे मिळतं. बायकांना नमाज पढायला वेगळी जागा कुठे आहे. अम्मीच्या दुखऱ्या गुडघ्यांसाठी, कुठल्या मशिदीची वाट चढाची आहे. शाकाहारी मंडळींची पंचाईत होऊ नये म्हणून तिने हकीमाकडून एका खाणावळवालीला फोनही करवला. भाजी घातलेल्या कुसकुसात, म्हणजे तिथल्या रव्याच्या सांज्यात, मटणाचं पाणी घालायचं नाही, पातेलं वेगळं ठेवायचं, असं तिच्याकडून कबूल करून घेतलं.

पहिल्या कागदावर ती खाणावळ होती. वर लिहिलं होतं, ‘आसावरीची खास निवड’. नसरीनला हसू आलं. बरं बाई, तुझी तर तुझी.

तिने दुसरा कागद वर घेतला. त्यावर तिची यादी होती, शब्द न् शब्द तिचा. मथळा तेवढा नवा होता : ‘आपल्या ग्रूपने टाळायची ठिकाणं’.

तिने तो दोनदा वाचला. टँजियरला जायचं आणि मशिदी टाळायच्या, म्हणजे अलिबागला जाऊन समुद्र टाळण्यासारखंच. एरवी तीच यावर पोट धरून हसली असती. आत्ता तिने चिवड्याची बशी खाली ठेवली.

ती आसावरीजवळ गेली. आवाज चढवला नाही, फक्त कागद पुढे धरला.

“अगं, तीन-चार घरं अडून बसली होती,” आसावरी हलक्या आवाजात म्हणाली. “कुठे जायचं नाही ते आधी सांगा, मगच फॉर्म भरतो म्हणाले. मी एकटी कुठे शोधत बसणार? तुझी यादी आयतीच होती. आणि हे तुमच्याबद्दल नाहीये गं.”

“मग कुणाबद्दल आहे?”

आसावरीने कपात साखर घातली. एकदा घातलेली होती, तरी पुन्हा घातली.

“आमची दोन नावं काढ,” नसरीन म्हणाली.

सायकलवरून घरी येताना ती रडली. परक्या कुणी केलं असतं तर दोन शिव्या घालून मोकळी झाली असती. आपल्याच माणसाने आपल्याच हातचं घेऊन आपल्यालाच बाजूला काढलं होतं. याला शिवीही पुरत नव्हती.

घरी अम्मीची बॅग भरलेली होती. वर नमाजाच्या चटईची, जानमाजची घडी, आणि आसावरीला द्यायची आमसुलांची पिशवी.

“आणलास कागद?” अम्मीने चष्मा लावलादेखील.

“आणते,” म्हणून नसरीन स्वयंपाकघरात गेली. दुधाची खोकी कापायच्या कात्रीने तिने दुसऱ्या कागदाचा मथळा कापला, चुरगळून कचऱ्यात टाकला आणि उरलेला कागद अम्मीला दिला. आपलं जाणं रद्द झाल्याचं जेवण झाल्यावर सांगू, असं तिने ठरवलं.

अम्मी दापोलीच्या मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेली. ओळीखाली बोट ठेवून ती मोठ्याने वाचू लागली. हॉटेल झालं, गरम पाणी झालं. “‘ही वाट चढाची आहे. गुडघे दुखत असतील त्यांनी टॅक्सी करावी.’”

बोट तिथेच थांबलं. अम्मीने चष्मा काढला आणि ओढणीने डोळे पुसले.

“नसू, राग मानू नको गो,” ती म्हणाली. “पण आसावरीला जे सुचलं, ते पोटच्या पोरीलाही सुचलं नसतं.”