पलीकडची बाजू

माझ्या चिमुकल्या सैनिकांची चाल संपली आणि सवयीने मी टेबलाला वळसा घालून पलीकडे गेलो. समोरच्या मुलीचा बोटभर उंचीचा ड्रॅगन उचलला आणि वीतभर पुढे ठेवला.

"अहो, तो माझा आहे!"

अद्भुतकथांच्या चाहत्यांच्या त्या संमेलनात, पुठ्ठ्याची चिलखते घातलेल्या गर्दीत, सकाळपासून हिंडून अखेर मला कुणीतरी खेळायला मिळाले होते. दुसऱ्याने रंगवलेल्या मूर्तीला न विचारता हात लावणे हा तिथला सर्वांत मोठा उद्धटपणा. आता ती डाव मोडणार. ड्रॅगन मागे न्यावा, तर त्याला पुन्हा हात लावावा लागणार! मी गोंधळून तसाच उभा राहिलो.

"घरी दोन्ही बाजूंनी तुम्हीच खेळता?" तिने विचारले.

मी मान डोलावली.

"आणि दर चालीला असे उठून फिरता? कमाल आहे! मी आपली पटच फिरवते."

ती हसली. ही थट्टा होती की आणखी काही, मला उमगेना. मी माझ्या बाजूला परतलो. तिने फासे मुठीत घेतले. पलीकडून आता कोणती चाल येणार, हे मला प्रथमच ठाऊक नव्हते.