ठोशाचं वजन

"आणखी जोरात," पुंडलिक सर म्हणाले. "का सकाळपासून उपाशी आहेस?"

विश्वजीतने पुन्हा ठोसा मारला. सरांच्या हातातलं पॅड जेमतेम हललं. एकशे चार किलोचा गडी, आणि ठोसा असा की विरजण मागायला आलेल्या शेजारणीने दार वाजवावं. सरांनी नाक मुरडलं. रिंगणात दोनदा मोडून ते आधीच वाकडं झालेलं, त्यामुळे त्यांनी मुरडलं की समोरच्याचा जरा जास्तच अपमान व्हायचा.

उस्मानपुऱ्यातल्या त्या व्यायामशाळेबाहेर विश्वजीतचा भला मोठा फ्लेक्स लागला होता. 'मराठवाड्याचा हातोडा.' लावणारे त्याचे मामा, बन्सीभाऊ. हातोड्याने तीन वर्षं जिल्ह्याचं सुवर्णपदक पटकावलं होतं, हे खरंच. पण जिल्ह्यात त्या जड वजनगटात दुसरं कोणी उतरतच नव्हतं. दरवर्षी हा रिंगणात चढायचा, पंच त्याचा हात वर करायचे, न लढताच पदक मिळायचं आणि पाचोडला, त्याच्या गावात, मिरवणूक निघायची. त्याचा ठोसा आजवर कोणी खाल्लाच नव्हता. म्हणून तर राज्याच्या बॉक्सिंग संघटनेने सरांना पाठवलं होतं. सर 'दम आहे' म्हणाले की राज्याच्या शिबिरात जागा, आणि पुढे खेळाडूंच्या कोट्यातून पोलिसाची नोकरी.

"बॅगेवर बघितला ना सर तुम्ही?" बन्सीभाऊ खुर्चीतून म्हणाले. "छत हाललं व्हतं."

"बॅगेला हात नसतात, भाऊ. ती उलटून मारत नाही."

सरांनी ते दाखवूनच दिलं. विश्वजीत मारायला आला की ते दुसऱ्या हातातल्या पॅडने त्याच्या कानशिलावर हलकी टपली द्यायचे. टपली येताना दिसली रे दिसली की हातोड्याचे डोळे मिटायचे, पाय मागे सरकायचे आणि ठोशातला जीव निघून जायचा. बघायला जमलेले व्यायामशाळेतले गडी हसू लागले. सरही हसले. मनातलं तोंडावर न दाखवणं त्यांना कधी जमलं नव्हतं, आणि जमलं असतं तरी त्यांनी ते केलं नसतं.

भिंतीशी विश्वजीतची बायको मोनिका बसली होती. निवड झाल्यावर सत्काराच्या फोटोत बायको हवी म्हणून तिला आणलेलं. मे महिन्यात या शहरातल्या निम्म्या बाया तोंडाला स्कार्फ बांधून फिरतात, पण ही आत पंख्याखाली बसूनही तो सोडत नव्हती. चहा आला, तोही ती नको म्हणाली. मिजास, सरांना वाटलं. हातोड्याची बायको ना.

शेवटी सरांनी पॅडं काढली. "भाऊ, दम नाही. नुसता बोजा आहे. तो फ्लेक्स उतरवा आणि एखाद्या रसवंतीवाल्याला द्या. सावलीला तरी कामाला येईल."

गडी पोट धरून हसले. विश्वजीतचा चेहरा लालबुंद झाला. त्याने ना सरांकडे बघितलं, ना हसणाऱ्यांकडे. फक्त जाताना एकदा बायकोकडे बघितलं आणि गाडी काढायला बाहेर गेला. आणलेला हार पिशवीत कोंबत बन्सीभाऊ त्याच्या मागे गेले. तमाशा संपला म्हणून गडीही पांगले.

मोनिका ग्लोव्हज गोळा करत मागे राहिली. मग सरांजवळ येऊन हळू आवाजात म्हणाली, "सर, चांगलं सांगा ना. आजच्या दिवस तरी."

"खोटं सांगू? अहो ताई, ज्याच्या ठोशाने कधी माशी मेली नाही..."

"खोटं नाय, सर," ती म्हणाली आणि तिने स्कार्फ सोडला.

डावा गाल सुजून डोळ्याला भिडला होता. ओठ असा फाटलेला की चहाचा घोट घेणं शक्यच नव्हतं. सरांनी आयुष्यभर असे चेहरे पाहिले होते, पण ते उलटून मारणाऱ्यांचे. त्यांनी नीट बघितलं. सरळ उजव्या हाताचा ठोसा. खांद्यातून आलेला, डोळे उघडे ठेवून मारलेला. यात सरांची चूक होणं शक्य नव्हतं.

"मागच्या बाजाराला पाचोडात एक जण हसला व्हता त्यांना," मोनिका म्हणाली. "एकच. आज तर समदेच हसले, सर."

सरांना आपलं हसणं आठवलं आणि स्वतःचीच शिसारी आली. बाहेर हॉर्न वाजला. मोनिका दचकली आणि घाईघाईने स्कार्फ बांधू लागली.

"घरी जायचंय तुम्हाला?"

तिचे हात थांबले. हॉर्न पुन्हा वाजला, तरी ती तशीच उभी होती.

"नाय," ती म्हणाली.

"मग तो स्कार्फ बांधू नका."

सर पुढे जाऊन दारात उभे राहिले. "भाऊ, मी चुकलो. याचा ठोसा लई जड आहे."

विश्वजीतचा चेहरा खुलला. बन्सीभाऊंनी पिशवीतून हार परत बाहेर काढला आणि त्याच्या चुरगळलेल्या पाकळ्या सारख्या केल्या. "मी म्हनत नव्हतो? मग सर, हे कागदावर कवा देता?"

"आत्ताच," सर म्हणाले आणि दारातून बाजूला झाले. त्यांच्या मागे मोनिका उघड्या चेहऱ्याने उभी होती. "पोलीस ठाण्यात. ठोसा खाल्लेलं माणूस सोबत आहे."