दिवसाला एकच लिटर

बायपास झाल्यावर डॉक्टरांनी अमृतभाऊंना बजावलं, "दिवसाला एकच लिटर पाणी. जास्त झालं तर हृदयावर ताण." घरी विजयमालावहिनी चहा, डाळ, ताकसुद्धा मापून वहीत लिहू लागल्या. घसा कोरडा पडला की भाऊ बिचारे मुकाट्याने चिकूच्या वाडीत चक्कर मारून यायचे.

पंधरा दिवसांनी तपासणीत पायांवर सूज आणि वजन दोन किलो जास्त.

"काकी, पाणी जास्त जातंय," डॉक्टर म्हणाले.

"शक्यच नाही! ही बघा वही," म्हणता म्हणता वहिनी थबकल्या आणि नवऱ्याकडे वळल्या. "अहो, ठिबकची नळी रोज चालू असते, तरी विहिरीजवळचं नवं कलम वाळतंय कसं?"

भाऊंनी मान खाली घातली. "अगं, अर्धं त्याला ठेवत होतो ना!"