जुईचा उजेड

जुईच्या वाढदिवसाला हेमांगी दरवर्षीप्रमाणे औक्षणाचं ताट घेऊन पेशीघरात आली. सात वर्षांची जुई तापानं गेली, तेव्हा तिच्या कातडीच्या थोड्या पेशी इथं जिवंत ठेवल्या होत्या. कुठलाही रंग न घालता, निळ्या प्रकाशात त्या आपसूक चमकत. हेमांगी आधी डोळे भरून बघायची, मग सूक्ष्मदर्शकालाच ओवाळायची.

आज डोळा लावताच ती हरखली. "तांबोळी सर, केवढी उजळलीय हो! खुशीत आहे पोर."

डॉक्टर तांबोळींनी उगाच चष्मा पुसला. "ताई, हा उजेड वयाचा आहे. पेशी म्हातारी झाली की तिच्यात पिवळट कण साचतात, तेच चमकतात. आता फार दिवस नाहीत."

"म्हातारी?" हेमांगीनं विचारलं. "माझ्यापेक्षाही?"

"पेशींच्या हिशेबानं, तुमच्यापेक्षा कितीतरी."

ओवाळायला उचललेलं ताट तिनं हळूच खाली ठेवलं. मग दोन्ही खांद्यांवरून पदर घेतला आणि वडीलधाऱ्यांसमोर वाकावं तशी ती आपल्या सात वर्षांच्या लेकीसमोर वाकली.