दमलेलं नाट्यगृह

पोस्टर इतकं चांगलं होतं, की बघताक्षणी ती जागीच थांबली.

काळ्या रंगावर एकच रिकामी खुर्ची. खाली लिहिलेलं : ‘ते दमलंय. झोपू द्या.’

शेजारीच तिचं स्वतःचं पोस्टर होतं : ‘आपलं नाट्यगृह वाचवा!’ लालभडक. आता ते नुसतं ओरडत असल्यासारखं वाटत होतं. दोन बायका थांबल्या. “खरंय गं,” एक म्हणाली, “किती ओढायचं ते?”

ती ग्राफिक डिझायनर. पण नाट्यगृह पाडायचं का यावर गावाचं मतदान ठरलं, तेव्हापासून या मोहिमेसाठी तिने पदरमोड करून रान उठवलं होतं, ते वडिलांखातर. नाट्यगृहाची दिवाबत्ती सांभाळण्यात त्यांचा सगळा जन्म गेला होता. तिच्या निवेदनावर पहिली सही त्यांचीच होती.

दोन शब्दांमध्ये इतकी नेमकी मोकळी जागा सोडणारा हात गावात एकाचाच होता. तिच्या भागीदाराचा.

पोस्टर फाडून ती तडक स्टुडिओत गेली. त्याच्या टेबलावर ते आपटलं.

“हे तुझं?”

त्याने चष्मा काढला. “हो.”

“कुणी करायला सांगितलं?”

“ते विचारू नकोस. शब्द दिलाय.”

“शब्द? आमच्या घरात वाढल्यासारखा वाढलास तू. बाबांच्या हातचं जेवलास. त्यांच्याच पाठीत सुरा खुपसताना काहीच वाटलं नाही?”

त्याने पोस्टरची फाटलेली कड हाताने सरळ केली.

“चालता हो,” ती म्हणाली.

त्याने किल्ली टेबलावर ठेवली आणि खरंच निघून गेला.

मतदानात गावाने नाट्यगृह पाडायचा कौल दिला. सगळ्यांच्या तोंडी तीच रिकामी खुर्ची होती. ही बातमी बाबांना कशी सांगावी, या विचारात ती लांबच्या रस्त्याने घरी गेली.

बाबा बाल्कनीत बसले होते. ती त्यांच्या पायाशी बसली आणि इतके दिवस आवरलेलं रडू फुटलं.

“हरलो आपण, बाबा.”

“असू दे, बाळा.” त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

“त्यानेच घात केला आपला. हाकलून दिलंय मी त्याला. आता जन्मात तोंड बघणार नाही.”

केसांतून फिरणारा हात थांबला.

“त्याला बोलावून घे,” बाबा खालच्या आवाजात म्हणाले. “त्याने पोस्टरवर नुसती अक्षरं लावली. वाक्य माझं होतं.”